शौचातून रक्त? अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये या चुका टाळा

शौचाला रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरातच होतं: मूळव्याध. मग मलम, ताक, इसबगोल, तिखट बंद. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक, शौचाच्या शेवटी थेंब थेंब पडतं. पण रक्तासोबत आव पडते, घाईची लागते, रात्री झोपेतून उठावं लागतं, जाऊन आलं तरी पोट साफ वाटत नाही, असं असेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा दीर्घकाळचा आजार, आहे का हे बघायलाच हवं. आणि मूळव्याध खरोखर असली, तरी दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात.

दुसरी चूक मेट्रोनिडॅझोलची, म्हणजे अमिबावर देतात त्या गोळीची. अमिबाचा संसर्ग आपल्याकडे होतो, पण शौचाची तपासणी न करता गोळ्यांचा कोर्स पुन्हापुन्हा कशाला? रक्त थांबत नसेल तर पोटविकारतज्ज्ञ गाठा. मलातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढलं की सूज कळते, आजार कुठला ते कळत नाही. त्यासाठी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) आणि बायोप्सीच (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागते. आतड्याचा क्षयही कधीकधी असाच दिसतो, म्हणून स्टिरॉइड सुरू करण्याआधी ही शहानिशा फार मोलाची.

आजार उसळलेला असताना जुलाब थांबवायला स्वतःहून लोपेरामाइड घेऊ नका, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. अशा वेळी आतडं फुगून बसण्याचा धोका असतो. पोट टम्म झालं, ताप आला आणि जुलाब एकाएकी कमी झाले, तर घरच्यांना हायसं वाटतं. प्रत्यक्षात ते टॉक्सिक मेगाकोलन, म्हणजे मोठं आतडं धोकादायकरीत्या फुगणं, असू शकतं. एक्स-रेत आतडं 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त रुंद दिसतं, ते फुटूही शकतं. दिवसाला 6 किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा नव्वदच्या वर नाडी, म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बरं वाटलं म्हणून मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं औषध, सोडू नका. स्टिरॉइड मनाने बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका.

आजाराला साधारण 8 वर्षं झाली की कर्करोगाच्या शोधासाठी कोलोनोस्कोपी करतात, त्रास नसला तरी. सोबत स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पित्तनलिकांना सूज येऊन त्या अरुंद होण्याचा आजार, असेल तर निदानापासूनच दरवर्षी.