एल निनो, आयओडी, एमजेओ: अतिवृष्टीचा अंदाज घेताना कोणता आकडा केव्हा पाहावा

एल निनोचं वर्ष, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं वर्ष, आलं की पुराची भीती नाही, हा समज धोकादायक आहे. एल निनोवरून चार महिन्यांच्या एकूण पावसाचा कल कळतो; नद्या मात्र दोन-तीन दिवसांच्या पावसाने पात्र सोडतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा प्रशांत महासागरात ला निना (तेच पाणी थंड होणं, जे सहसा चांगल्या पावसाशी जोडलं जातं) नव्हता. म्हणून प्रत्येक निर्देशांक त्याच्या मुदतीपुरताच वाचावा.

सुरुवात मे महिन्यात करा. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 5 अंशांपर्यंत आणि 170 ते 120 अंश पश्चिम रेखांशांमध्ये पसरलेला प्रशांत महासागराचा भाग म्हणजे निनो 3.4. तिथल्या पाण्याचं तापमान सरासरीपेक्षा 0.5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल, तर कल एल निनोकडे. तेवढंच कमी असेल, तर ला निनाकडे. एका आठवड्याचा आकडा धरू नका, तीन महिन्यांची सरासरी पाहा. मार्च-एप्रिलमधले एल निनोचे अंदाज सर्वांत कच्चे असतात, त्यामुळे जूनच्या मध्यावर हे पुन्हा तपासा. 2002 आणि 2009 या एल निनो वर्षांत देशात सरासरीच्या अनुक्रमे 81 आणि 78 टक्केच पाऊस झाला. पण 1997 मध्ये एल निनो फार तीव्र असूनही पाऊस 102 टक्के होता.

तो का, हे समजायला हिंदी महासागराकडे यावं लागतं. इंडियन ओशन डायपोल, म्हणजे आयओडी, हा आफ्रिकेच्या बाजूचं पाणी आणि सुमात्राजवळचं पाणी यांच्या सरासरीपासूनच्या तापमानफरकातली तफावत मोजतो. ती काही आठवडे सलग +0.4 अंशांच्या वर राहिली, तर आयओडी धन. अशा वेळी मोसमी पावसाला सहसा हातभार लागतो. 1997 मध्ये तो धन होता. 2019 मध्येही होता: त्या जूनमध्ये देशात पाऊस सुमारे एक तृतीयांशाने कमी पडला, ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं आणि हंगाम 110 टक्क्यांवर संपला. आयओडीचा जोर बहुधा हंगामाच्या उत्तरार्धात दिसतो. जूनमधला शून्याजवळचा आकडा पाहून तो विषय संपवू नका.

जूनपासून दर आठवड्याला एमजेओ, म्हणजे मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन, पाहा. ढगांचा हा पट्टा विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकत 30 ते 60 दिवसांत पृथ्वीला फेरी घालतो. त्याच्या आलेखात आठ टप्पे असतात आणि पट्टा आज कुठे आहे ते एक ठिपका दाखवतो. 2 आणि 3 म्हणजे हिंदी महासागर. ठिपका मधल्या वर्तुळाबाहेर असेल, तरच त्याला वजन द्या. पट्टा हिंदी महासागरात जोरात असला की त्यातले ढग उत्तरेकडे सरकतात आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत पाऊस सक्रिय होण्याची शक्यता वाढते. ठिपका आत असेल, तर तो आठवडा एमजेओच्या भरवशावर ठरवू नका.

अतिवृष्टीआधीचे शेवटचे पाच दिवस मात्र या तिन्हींपैकी कशाचेच नसतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा-छत्तीसगडकडून पश्चिमेला सरकतंय का? दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा आहे का? दोन्ही एकदम असतील, तर अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोर धरतात आणि ते सह्याद्रीला अडून घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. तापत्या समुद्रामुळे तीच हवामान स्थिती आता जास्त पाणी ओतू शकते.

इथे सर्वांत जास्त घोळ आकड्यांचा होतो. हवामान विभागाच्या भाषेत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे जोरदार, 204.4 पर्यंत अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार; मोजणी सकाळी साडेआठ ते साडेआठ. जिल्ह्याची सरासरी घाटातला पाऊस झाकून टाकते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिमी पडला. तुमचं गाव नदीकाठी असेल, तर स्वतःच्या गावातल्या पर्जन्यमापकापेक्षा वरच्या पाणलोटातल्या केंद्राची नोंद, धरणाचा साठा आणि विसर्ग रोज पाहा. धरण जवळपास भरलेलं असताना लाल इशारा आला, तर जनावरं, खतं आणि मोटारी विसर्ग वाढण्याआधीच हलवा.