मेथोट्रेक्सेटचा वार ठरवून घ्या

ऐन पंचविशीत आमवाताचं (सांधे सुजवणाऱ्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान झालं की बहुतेकांच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट येतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वाराचं नावच लिहून घ्या.

मी शनिवारची रात्र ठरवली आहे. रविवारी मळमळलं तरी लोकल पकडायची घाई नसते. पाकिटावर काळ्या मार्करने ठळक ‘शनि’ लिहिलंय आणि ते रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवतच नाही. डबा आई भरते. मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळी, ही पण पिवळी, शिवाय ब्रँडची नावंही एकसारखी. फॉलिक ॲसिड सहसा दुसऱ्या वारी घ्यायचं असतं, तेही लिहून घ्या.

एखादा शनिवार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. रक्ततपासणी टाळू नका. आणि मुलींनो, बाळाचा विचार असेल तर खूप आधी सांगा. गरोदरपणात हे औषध चालत नाही, काही महिने आधीच बंद करावं लागतं. हे विचारताना अजिबात संकोच करू नका.