कपाटातलं जुनं स्टीम लिंक पुन्हा कामाला कसं लावावं

स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम लिंक हा छोटा काळा डबा नोव्हेंबर 2015मध्ये बाजारात आणला आणि 2018च्या अखेरीस त्याची विक्री थांबवली. पण विक्री थांबली म्हणून डबा निकामी होत नाही. गेम चालतो तुमच्या कॉम्प्युटरवर. हा फक्त तिकडून आलेलं चित्र टीव्हीवर दाखवतो आणि कंट्रोलरची बटणं परत पाठवतो. त्यामुळे कॉम्प्युटरला पेलेल तो नवा गेमही यावर खेळता येतो.

आधी डबा टीव्हीला एचडीएमआयने जोडा. मूळ अडॅप्टर हरवला असेल तर हाताला लागेल तो खुपसू नका, डब्यावरचे व्होल्ट-अँपिअर बघून घ्या. चालू झाला की सेटिंगमधून अपडेट करून घ्या.

आता मुख्य गोष्ट, नेटवर्क. वर्षानुवर्षं लोक या डब्याला शिव्या घालत आले, त्यातल्या निम्म्या तरी खरं म्हणजे वायफायला घालायला हव्या होत्या. कॉम्प्युटर आणि डबा, दोन्ही लॅन केबलने राउटरला जोडा. दोन्हींना जमत नसेल तर निदान कॉम्प्युटरला तरी केबल लावाच. डब्याचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचंच आहे, पण घाबरू नका: 1080पी चित्राला त्याच्या निम्मंही लागत नाही.

मग कॉम्प्युटरवर स्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिमोट प्ले (गेमचं चित्र दुसऱ्या पडद्यावर पाठवायची सोय) चालू करा. डब्याला कॉम्प्युटर सापडला की टीव्हीवर एक पिन येतो, तो कॉम्प्युटरवर टाका. सापडतच नसेल तर दोघं एकाच राउटरवर आहेत का ते बघा. ‘गेस्ट’ वायफाय आणि फायरवॉल हे नेहमीचे संशयित.

डब्याची झेप 1080पी, सेकंदाला 60 फ्रेमपर्यंतच. 4के किंवा जास्त रुंद मॉनिटर असेल तर खेळण्यापुरतं रिझोल्यूशन 1920 बाय 1080 ठेवा, नाहीतर चित्राला काळ्या पट्ट्या येतील किंवा अक्षरं बारीक दिसतील. रंग फिके, धुतल्यासारखे वाटले तर विंडोजमधला एचडीआर बंद करा. कॉम्प्युटरच्या रिमोट प्ले सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंगही (पाठवायचं चित्र ग्राफिक्स चिपकडून आकसून घेणं) चालू हवं, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर येतो. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करायला लोक हमखास विसरतात. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते, त्यात कधीकधी टीव्हीचाच हात जास्त असतो.

तरी अडखळतंय? स्ट्रीमिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये कामगिरीचे आकडे पडद्यावर दाखवायची सोय आहे. पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेला डेटा, दिसला तर नेटवर्क बघा. तो शून्य असूनही चित्र थांबत असेल तर गेमचं ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, कारण गेम आणि एन्कोडिंग दोन्ही कॉम्प्युटरच करत असतो.

स्टीमबाहेरचे गेम खेळायचे असतील तर कॉम्प्युटरवर सनशाइन (चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डब्यावर मूनलाइट (ते दाखवणारं) टाका. मूनलाइट पेनड्राइव्हवरून बसवता येतं, ड्राइव्ह फॅट32मध्ये फॉरमॅट केलेला हवा. डब्यात एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून कमांड देत, शिरायचीही सोय आहे. हौस असेल तर जरूर चालू करा, पण मूळ पासवर्ड जगजाहीर आहे, तो पहिल्याच मिनिटाला बदला.