मोर्स कीची स्प्रिंग: या चुका टाळा

घरी मोर्स की, म्हणजे रेडिओवर मोर्स कोड पाठवायची दाबायची दांडी, बनवणारे लाकडी पाटी घासण्यात दोन रविवार घालवतात, पण स्प्रिंगला पाच मिनिटं देत नाहीत. मग "नीट चालत नाही" म्हणत माझ्याकडे येतात.

नेहमीची चूक म्हणजे बॉलपेनची स्प्रिंग कापणं. पेनाची स्प्रिंग वाईट नसते, माझ्या रोजच्या कीमध्येही तीच आहे. पण अख्खी. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला. "काका, जड लागत होती, म्हणून अर्धी कापली." आखूड स्प्रिंग जेमतेम दबत होती, म्हणून हलकी झाली खरी, इतकी की दांडी वेळेत वर येईना. त्याने एस, म्हणजे तीन डिट (छोटे ठोके), पाठवला की पहिले दोन डिट चिकटायचे. दोन डिट आणि मधली फट मिळून नेमका एक डा (लांब ठोका) भरतो, म्हणजे पलीकडे एन (डा-डिट) पोचायचा. पठ्ठ्याने स्प्रिंग दाबणारा स्क्रू आवळला, तर जरा फिरवताच दांडी दगड! अर्धी कापलेली स्प्रिंग दुप्पट कडक होते. एम ३ (३ मिमी जाडीच्या) स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याने ती पाव मिलिमीटरच दबते, पण तेवढंही तिला जास्त होतं. लांब, मऊ स्प्रिंग चांगली दाबून बसवा. उंचीत मावत नसेल तर पाटीत खळगा करून खाली उतरवा. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण हाताशी कटर असला की धीर कुणाला?

स्वतः वळायची असेल तर बाइंडिंग वायर नको, दाबली की दबूनच राहते. गिटारवाल्याकडे तुटक्या तारा मागा, बहुतेकदा फुकट देतो. साधी, वेढे नसलेली पोलादी तार घ्या. ०.०१० आणि ०.०१३ इंचाच्या तारांत डोळ्याला फरक कळत नाही, पण एकाच मापाची स्प्रिंग वळली तर जाड तारेची जवळपास तिप्पट कडक होते. मी ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यावर वळतो. हवा त्याहून बारीक दांडा घ्या, कारण सोडल्यावर वेढे फुलतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. तारेचं टोक सुटलं की फटकन उडतं.

मऊ करायला गॅसवर लाल करू नका, तिचा स्प्रिंगपणाच जातो.

स्प्रिंगचं टोक तिरकं राहिलं तर दांडी एका बाजूला ढकलली जाते. कानस नको, पाण्याच्या दगडावर घासा.

आणि करंट स्प्रिंगमधून नेऊ नका. दांडीला वेगळी लवचीक वायर जोडा, नाहीतर हेडफोनात खरखर ऐकत बसाल आणि दोष रिगला (रेडिओ संचाला) द्याल.