वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स: बिल्ड बदलण्याआधी या चुका टाळा

वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स या युद्धनौकांच्या ऑनलाइन गेममध्ये जहाज तिसऱ्या मिनिटाला बुडालं की पहिला प्रश्न बिल्डचाच येतो, म्हणजे कॅप्टनचे स्किल आणि जहाजावरचे मोड्यूल कसे निवडायचे याचा. आयोवाला कोणते स्किल घेऊ? बिस्मार्क जास्त टिकावी म्हणून काय लावू? प्रश्न रास्त आहेत, पण दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. कॅप्टनचे २१ पॉइंट लावून जहाज थोडं जास्त लपतं, थोडं लवकर रीलोड होतं, एवढंच. शत्रूसमोर सबंध कूस उघडी टाकून वळणाऱ्या जहाजाला कुठलंही स्किल वाचवत नाही. म्हणून आधी आपण कशाने बुडतो ते शोधा आणि मगच पॉइंटांना हात लावा.

सगळ्यात जास्त जहाजं कोनापायी जातात. एपी (चिलखत भेदणारा) गोळा चिलखतावर किती तिरका आदळतो, यावर सारा खेळ आहे. लंबापासून ४५ अंशांपर्यंत बाउन्सची, म्हणजे गोळा आदळून उडून जाण्याची, भीती नसते. ४५ ते ६० मध्ये बाउन्सची शक्यता वाढत जाते आणि ६० च्या पुढे बहुतेक तोफांचा गोळा हमखास उडतो. म्हणजे शत्रूच्या रेषेपासून नाक ३० अंशांच्या आत ठेवलं, तर कुशीवर आलेले गोळे निसटून जातात. हे बहुतेकांना पाठ असतं, तरी मागच्या तोफांचे टरेट चालवायच्या मोहात जहाज आडवं होतं. आडवं होण्यात गैर काही नाही, तसंच राहण्यात आहे. बॅटलशिपला (सगळ्यात जड तोफांच्या जहाजाला) रीलोडला साधारण अर्धा मिनिट लागतो. समोरच्याची सॅल्व्हो (एकदम डागलेले गोळे) पडून गेली की आडवे व्हा, सगळ्या तोफा डागा आणि त्याचा पुढचा मारा यायच्या आत नाक परत फिरवा.

आता याच नियमाचा अपवाद, ज्यात चांगले खेळाडूही सापडतात. गोळ्याच्या कॅलिबरला १४.३ ने भागा. उत्तर समोरच्या पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त आलं, तर तो ओव्हरमॅच. मग कोन कितीही तिरका असो, गोळा बाउन्स होत नाही. टियर ८ (जहाजाची श्रेणी) पासून पुढे बॅटलशिपच्या नाकाचा पत्रा साधारणपणे ३२ मिमीचा असतो. आयोवा किंवा मोंटानाच्या ४०६ मिमी तोफांचं उत्तर २८ च्या थोडं वर येतं, म्हणून नाक तग धरतं. यामातोच्या ४६० मिमीचं उत्तर ३२ च्या किंचित वर येतं आणि तेच नाक सरळ फाटतं. त्यामुळे सामना सुरू होतानाच टॅब दाबून समोर कोण आहे ते बघा. यामातो असेल तर तिच्यासमोर नाक धरून उभं राहायचं नाही. बेटाची आड घ्या, नाहीतर तिची नजर दुसरीकडे असताना पुढे सरका.

‘माझे एपी लागतच नाहीत’ ही तक्रारही याच घरातली. नाक करून आलेल्या बॅटलशिपच्या कुशीवरच्या जाड चिलखती पट्ट्यावर एपी मारत राहू नका. वरच्या मनोऱ्यावर नेम धरा, एचई (स्फोटक गोळे) भरा किंवा सरळ लक्ष्य बदला. आडव्या क्रूझरवर मात्र पाण्याच्या रेषेजवळ एपीच हवा. सायटाडेलला (जहाजाच्या पोटातल्या इंजिन-दारूगोळ्याच्या भागाला) लागला तर पूर्ण डॅमेज मिळतं. साध्या पेनिट्रेशनला एक तृतीयांश मिळतं आणि आरपार गेला तर जेमतेम १०%.

दिसणं हा दुसरा मोठा घोळ. मुख्य तोफ डागली की आपण २० सेकंद पार तोफेच्या पल्ल्याइतक्या लांबून दिसतो. डिटेक्ट झाल्यावर गोळीबार चालू ठेवून वळायला घेतलं, तर आख्ख्या शत्रू संघाला आपली कूस मिळते. आधी तोफा थांबवा, नाक तसंच धरा, दिसेनासे व्हा आणि मग वळा. हे एकदा अंगवळणी पडलं की कन्सीलमेंटच्या (लपण्याच्या) स्किलला आणि मोड्यूलला खरा अर्थ येतो. एरवी तुम्ही सतत डागतच असाल तर ते पॉइंट पाण्यात. डिस्ट्रॉयरवाल्यांनी (छोटं, चपळ जहाज चालवणाऱ्यांनी) आणखी एक लक्षात ठेवावं: रडारला बेटं अडवत नाहीत. बेटामागे धूर सोडून थांबण्याआधी रडारवाले क्रूझर कुठल्या बाजूला गेलेत ते मिनिमॅपवर शोधा.

आगीबद्दल थोडक्यात. बॅटलशिपवरची एक आग पूर्ण जळली तर मूळ एचपीच्या (जहाजाच्या जिवाच्या) १८% खाते, पण रिपेअर पार्टी ते सगळं भरून काढू शकते. तरीही लोक पहिल्याच आगीला डॅमेज कंट्रोल (आग विझवणारी सोय) वापरून टाकतात. ते पुन्हा तयार व्हायला मिनिटाहून जास्त लागतो, आणि तेवढ्यात तीन आगी लागतात. एक आग जळू द्या. सोव्हिएत बॅटलशिप चालवणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं, कारण त्यांना डॅमेज कंट्रोल मोजक्याच वेळा मिळतं.

इतकं जमलं की बिल्डवर बोलू. इथे सर्रास दिसणारी चूक म्हणजे अर्धवट बिल्ड. बिस्मार्कच्या सेकंडरी (आपोआप डागणाऱ्या छोट्या) तोफांचा पल्ला वाढवायला महागडे स्किल आणि मोड्यूल घालायचे आणि जहाज सामनाभर अठरा किलोमीटरवर ठेवायचं, याला अर्थ नाही. पूर्ण सेकंडरी बिल्डमध्येही पल्ला दहा-अकरा किलोमीटरच्या आसपासच असतो. दुसरं टोक म्हणजे सुरुवातीलाच मुसंडी, समोरचे बाराही जण जिवंत असताना. बिस्मार्कचं सायटाडेल जवळून फोडणं फार कठीण आहे आणि तिच्याकडे टॉर्पेडो आधीच हेरणारं हायड्रो आहे. ही दोन्ही हत्यारं सामन्याच्या मध्यावर चालतात, जेव्हा एक बाजू पातळ झालेली असते. तोवर बेटांच्या आडोशाने, अंतर हळूहळू कमी करत राहायचं.

मिनोटॉरचं उदाहरण मला फार आवडतं. या ब्रिटिश क्रूझरला धूर किंवा रडार यातलं एकच घेता येतं, आणि एचई नाहीच, फक्त एपी. चिलखत नावापुरतं. धूर घेतला तर लपून सतत मारा करता येतो, पण शत्रू आपल्याला दाखवणारा मित्र पुढे लागतो. रडार घेतलं तर शत्रूचा डिस्ट्रॉयर तुम्हीच उघडा पाडता, मात्र सुटकेची वाट आधी आखावी लागते. एकटे खेळत असाल आणि संघाचा भरवसा नसेल, तर माझं मत रडारच्या बाजूने आहे. डिव्हिजनमध्ये (मित्रांच्या छोट्या गटात) चांगला डिस्ट्रॉयर सोबत असेल तर बेलाशक धूर घ्या.

आणि कुणाला बिल्ड विचारायचं असेल तर नुसता स्किलचा स्क्रीनशॉट देऊ नका, रिप्लेही द्या. बुडण्याआधीची शेवटची दोन मिनिटं आधी स्वतः बघा, तीही फक्त मिनिमॅपवर नजर ठेवून: किती जणांचे रोख आपल्याकडे होते, जवळचा मित्र किती लांब होता, वळायला कधी घेतलं.