खुळखुळा ओळखताना या चुका टाळा, आणि त्याला ल्युपिन तर अजिबात म्हणू नका

श्रावण लागला की आपल्या नाशिककरांचे ग्रुप अंजनेरी, ब्रह्मगिरी, पहिनेच्या फुलांनी भरून जातात, आणि त्यात एक फोटो हमखास असतो: पिवळ्या फुलांचा उभा तुरा, खाली लिहिलेलं 'वाइल्ड ल्युपिन'. अॅपनं सांगितलं म्हणून. ताई, दादा, तो ल्युपिन नाहीये. तो आपला खुळखुळा आहे, कुणी घागरी म्हणतं, शास्त्रात क्रोटलारिया. दोघं एकाच शेंगवर्गीय कुळातले, त्यामुळे फोटोत तुरा सारखा वाटतो, पण ल्युपिन मूळचा अमेरिकेतला आणि भूमध्य समुद्राकडचा, आपल्या डोंगरात तो आपला आपण उगवत नाही.

फरक बघायचा तर फूल सोडा आणि पान बघा. ल्युपिनचं पान पंजासारखं, देठाच्या टोकाला एकाच ठिकाणाहून ५, ७, कधी १० च्या वर पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोटे भाग, फुटलेल्या. खुळखुळ्याचं पान बहुतेक वेळा एकटं किंवा बेलासारखं तीन पर्णिकांचं. फक्त ओल्या भातखाचरात क्रोटलारिया क्विंकेफोलिया भेटला तर त्याला ५ पर्णिका असतात, तिथे भलेभले फसतात. मग शेंग बघा. ल्युपिनची शेंग चपटी, आणि खुळखुळ्याची फुग्यासारखी फुगलेली, वाळली की कानाशी हलवा, आत बिया वाजतात. नाव त्यावरूनच पडलंय, आणि क्रोटलारिया हे नावसुद्धा वाजणाऱ्या खुळखुळ्याच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय.

आता खरी गडबड इथून पुढे आहे, कारण जगात क्रोटलारियाच्या ७०० च्या आसपास जाती आहेत आणि आपण सगळ्यांना एकच नाव देतो. पिवळं फूल दिसलं की 'ताग' लिहून मोकळं व्हायचं, ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे आणि ती साधी चूक नाही. ताग म्हणजे बोरू, क्रोटलारिया जुंसिया, तो दिंडोरीकडे द्राक्षबागेत ओळींच्या मधे हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि फुलोऱ्यावर आला की जमिनीत गाडतात. त्याच्या फुलांची भाजी करतात, गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात एका मावशींकडून मी स्वतः घेतलीये. पण माळावरचा क्रोटलारिया रेट्युसा पण पिवळाच असतो, आणि त्यात लिव्हरला घातक अल्कलॉइड असतात, गुराढोरांना पण बाधतात. म्हणून पिवळं फूल दिसलं की लगेच पिशवीत टाकायचं नाही. तागाचं पान लांबट, अरुंद, हात फिरवला की रेशमी लव लागते, आणि शेंगेवर मखमल असते. रेट्युसाचं पान देठाकडे निमुळतं, वर रुंद, आणि टोकाला नखानं खुडल्यासारखी बारीक खाच. शेंग गुळगुळीत, पिकली की काळी. तरी शंका राहिली तर खाऊ नका, विचारा.

निळं फूल दिसलं की लोक परत ल्युपिनवर येतात. मी पण पहिल्यांदा तसंच केलं होतं, त्र्यंबक रोडच्या कडेला एक झुडूप दिसलं, फुलं निळसर पांढरी, घाईत दोन फोटो काढले, दोन्हीत फक्त फूल. घरी येऊन तासभर बसलो तरी काही पत्ता लागेना, कारण जे बघायचं होतं ते फोटोतच नव्हतं. पुढच्या रविवारी परत गेलो आणि खोड दोन बोटांत धरून फिरवलं तर ते गोल नव्हतंच, चार धारा हाताला लागल्या, आणि प्रत्येक पानाच्या देठाशी खोडाला बिलगून चंद्रकोरीसारखं छोटं हिरवं उपपर्ण. तो क्रोटलारिया व्हेरुकोसा. पान एकटंच, म्हणजे ल्युपिनचा प्रश्नच मिटला.

रस्त्याच्या कडेला, पडीक प्लॉटवर दिसणारा तीन पर्णिकांचा, पिवळ्या पाकळ्यांवर तांबूस रेघा असलेला बहुतेक वेळा क्रोटलारिया पॅलिडा निघतो, शेंगा लांबट, नळीसारख्या. पण रेघा रेट्युसालाही असतात, तेव्हा रेघांवर जाऊ नका, पर्णिका मोजा.

अजून एक, ब्लू टायगरसारखी फुलपाखरं बसली म्हणजे अमुकच जात, असं काही नसतं. त्यांचे नर वाळलेल्या, जखमी झालेल्या भागातून तीच अल्कलॉइड शोषायला येतात आणि खुळखुळ्याच्या बऱ्याच जातींवर येतात. दिसायला मात्र फार सुंदर, थांबून बघाच.

तर फोटो काढताना निदान एवढं करा: पानाची वरची आणि खालची बाजू, देठाशी उपपर्ण आहे का, खोड, कळीच्या खालचं छोटं पान, आणि शेंग असेल तर शेंग. झाड उपटू नका, एक तुरा तोडायचीही गरज नसते. शेंग नसेल तर मोबाईलमध्ये जागा पिन करून ठेवा आणि दिवाळीनंतर परत जा, तेव्हा गर्दी नसते, गवत पिवळं पडलेलं असतं, आणि वाऱ्यानं शेंगा वाजताना लांबूनच ऐकू येतात.