सुपरहिरोइन काढताय? मग या चुका टाळा

ठाण्यातल्या नौपाड्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत रविवारी सकाळी कॉलेजची सात-आठ मुलंमुली कॉमिक्स काढायला जमतात. चहा माझा, कागद त्यांचे. गेल्या काही वर्षांत या खोलीत डझनभर तरी सुपरहिरोइन जन्मल्या. बहुतेक जणी सहाव्या-सातव्या पानावर अडकल्या आणि फाइलमध्ये गेल्या. चित्रं वाईट होती असं नाही, काहींची शाई माझ्यापेक्षा सफाईदार होती. पण पानं पुढे सरकेनात. कुठे अडतं हे आता मला बऱ्यापैकी ओळखू येतं, कारण त्यातल्या निम्म्या चुका मी स्वतः करून बसलोय.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक पहिल्याच पानावर असते. अंधारी गल्ली, चार गुंड, मुलीवर अत्याचार. पान उलटलं की तिचे डोळे लाल आणि हातात वीज. एका मुलाने अशी पानं आणली तेव्हा मी विचारलं, "हे सगळं व्हायच्या आधी हिला काय आवडायचं?" तो थांबला, मग म्हणाला, "स्विमिंग असेल." असेल! गुंडांच्या जॅकेटवरच्या चेनपर्यंत सगळं त्याने ठरवलं होतं, पोरीचं काहीच नव्हतं.

हा रोग अमेरिकेतून आलाय असं म्हणायला जागा आहे. 1994 साली ग्रीन लँटर्न या सुपरहिरोच्या एका अंकात नायक घरी येतो तर त्याच्या मैत्रिणीचा खून करून तिला फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं. का, तर नायकाला राग यावा म्हणून. 1999 मध्ये गेल सिमोन या वाचक बाईंनी (पुढे त्या स्वतः नावाजलेल्या कॉमिक्स-लेखिका झाल्या) अशा पात्रांची यादीच केली: मारलेल्या, जायबंदी केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या. यादी लांबतच गेली. तिला नाव पडलं 'फ्रिजमधल्या बायका'. बॅटगर्लचं तेच झालं होतं. बॅटगर्ल म्हणजे बार्बरा गॉर्डन. 1988 साली खलनायक जोकर तिच्यावर गोळी झाडतो ती तिच्या वडिलांना वेडं करायला. तिचं काय झालं, याची त्या कथेला फारशी फिकीर नाही.

दुरुस्ती मात्र तिथेच सापडते. पुढच्याच वर्षी किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याने त्याच बार्बराला व्हीलचेअरवर, संगणकासमोर बसवलं आणि 'ओरॅकल', म्हणजे माहिती पुरवणारी नायिका केलं. बार्बरा मुळात लायब्ररियन, माहिती शोधणं हा तिचा पिंड. त्यांनी तिच्या दुःखातून शक्ती काढली नाही, तिच्या कामातून काढली. तुमच्या पानावर हाच प्रयोग करा. हल्ल्याचं पान बाजूला ठेवा आणि बघा, उरलेल्या पानांत मुलगी उरते का. दुसरी परीक्षा आणखी सोपी. तिच्या जागी तिचा भाऊ असता तर त्याला शक्ती कशी मिळाली असती? दहातल्या नऊ वेळा उत्तर येतं: प्रयोगशाळेत, नाहीतर नको तिथे नाक खुपसताना. मग बहिणीलाही खुपसू दे की नाक.

आता पोझ. इथे आधी माझं पाप कबूल करतो. विशीत मी 'विद्युल्लता' नावाची नायिका काढली होती. छाती आणि पार्श्वभाग दोन्ही वाचकाकडे, मान तिसरीकडे. आत्याने पान हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "अरे, हिची कंबर भरलीय का? मालीशवाली बघ कोणीतरी." चाळीसेक वर्षं झाली, अजून कोणी इतकी नेमकी समीक्षा केलेली नाही.

2012 मध्ये परदेशी चित्रकारांनी हीच गोष्ट चित्रांतून सांगितली. नायिकांच्या अंकांतल्या पोझ जशाच्या तशा उचलल्या आणि त्यांत हॉकआय या धनुर्धारी गड्याला बसवलं. बिचारा पाठ मोडून बाण सोडतोय. हसता हसता चूक दिसते. तुम्हीही तेच करा: त्याच पोझमध्ये तुमचा नायक काढा. तो हास्यास्पद दिसला, तर ती पोझ तिच्यासाठीही नव्हती.

मग बरोबर पोझ कुठून आणायची? आमच्यातल्या दोघी मुलींनी ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीच्या लेडीज डब्यात आठवडाभर स्केचेस केली. ती पानं मी जपून ठेवलीत. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे जरासे सैल, सॅक पोटाशी, एका हाताने कडी, केस क्लचरमध्ये वर, ओढणी कमरेला गाठ मारून. पाठीमागून वीस जणींचा रेटा येतोय आणि बाई ढिम्म हलत नाही, वर "तुम्ही कुठे उतरणार?" म्हणून दादरची सीट आत्ताच बांधून घेतेय. वजन कुठे आहे, तोल कुठे आहे, नजर कुठे आहे, सगळं त्या रेघांत दिसतं. कुठल्याही जिमच्या फोटोवरून हे मिळणार नाही.

पोशाखाबद्दल थोडक्यात, कारण यावरच सगळे सगळ्यात जास्त भांडतात. कपडे तोकडे म्हणून कथा फसत नाही, आणि नखशिखांत झाकून ती सुधारतही नाही. वंडर वूमनचंच बघा. 1941 च्या अखेरीस विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने तिला घडवलं. मुलींपुढे बलवान स्त्रीचा आदर्श असावा हा त्यांचा उघड हेतू. काही महिन्यांतच जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या टोळीत तिचा प्रवेश झाला. कशासाठी? सेक्रेटरी म्हणून. पुरुष मंडळी लढायला जाणार, ही कार्यालय सांभाळणार! अंगावर पोशाख तोच, हातात दोर तोच. बिघाड कपड्यांत नव्हताच. पोशाखाबद्दल मी एकच प्रश्न विचारतो: हिचा मोबाइल आणि रिक्षाचे सुटे पैसे कुठे राहतात? उत्तर नसेल तर डिझाइन अपुरं आहे. नऊवारीचा काष्टा या प्रश्नाला उत्तर देतो. पाय मोकळे आणि कनवटीला पैसे.

ती सेक्रेटरीची खुर्ची आजही आमच्या पानांत असते, फक्त तिचं रूप बदललंय. चौघांच्या टीममध्ये मुलगी एकच, आणि तिचं काम काय? मलमपट्टी, ढाल धरणं, नाहीतर 'सांभाळून जा' म्हणणं. फँटॅस्टिक फोर या चौघांच्या टीममधली सू स्टॉर्म 1961 मध्ये आली ती 'अदृश्य मुलगी' म्हणून. शक्ती काय, तर दिसेनासं होणं! बलक्षेत्र, म्हणजे न दिसणारी ढाल उभारण्याची ताकद तिला नंतर मिळाली आणि 'मुलगी'ची 'स्त्री' व्हायला 1985 उजाडलं. तुमच्या पानांवर पेन्सिलने मोजा: कथेला वळण देणारे निर्णय किती, त्यांतले तिचे किती. संवादफुगे मोजू नका, फुगे भरपूर असतात.

उलट दिशेची चूक आपली, घरची. मुलीला शक्ती दिली की दोन पानांत तिच्या मागे तेजोवलय येतं, केस सुटतात, वाघ येतो आणि ती देवी होते. 2014 च्या 'प्रियाज शक्ती' या कॉमिक्समध्येही पार्वती आहे आणि वाघही आहे, पण नायिका प्रिया माणूसच राहते आणि लोकांशी बोलून त्यांना बदलू बघते. आमच्याकडे तसं होत नाही. देवी झाली की तिला शंका येत नाही, भूक लागत नाही, तिची गाडी चुकत नाही. मग वाचकाने पान उलटायचं कशाला? नवरात्रात नऊ दिवस पाया पडून दहाव्या दिवशी तिलाच पोळ्या लाटायला लावणारं घर आपण सगळ्यांनी पाहिलंय. कॉमिक्समधली देवी बऱ्याचदा त्याच घरातून आलेली असते.

यावर मुलं म्हणतात, "सर, पण आपल्याकडे लढणाऱ्या नायिकेची परंपराच देवीची आहे ना?" नाही. 1935 साली, म्हणजे वंडर वूमनच्या सहा वर्षं आधी, वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली' या चित्रपटात नटी नादिया तोंडावर मुखवटा आणि हातात चाबूक घेऊन घोडा उधळत होती. पुढच्या वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करत होती. हे सगळं घडलं आपल्या मुंबईत, आणि दैवी वर वगैरे काही नव्हता. धाडसी मुलगी होती, एवढंच.

आणि आता माझा खास राग. घोडबंदर रोडला राहणारी मुलगी नायिका काढते आणि तिला लढायला पाठवते कुठे? मरीन ड्राइव्हला. का बाई? "तिथे सुपरहिरोसारखं वाटतं." म्हणजे आपण पाहिलेलं गाव सोडून सिनेमात पाहिलेलं गाव काढायचं. याला औषध म्हणून मी त्यांना कमला खान, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधली 'मिस मार्व्हल', वाचायला देतो. 2014 मध्ये तिची स्वतःची मालिका सुरू झाली. लेखिका जी. विलो विल्सन, आणि संपादक सना अमानत, ज्या स्वतः न्यू जर्सीत वाढलेल्या पाकिस्तानी घरातल्या. कमला राहते जर्सी सिटीत. नदीपलीकडे न्यूयॉर्क, सगळे नामांकित हिरो तिकडे, आणि ही अलीकडे. ठाणेकराला यापेक्षा जवळचा भूगोल कुठला? शक्ती मिळाल्यावर ती आधी आपल्या आवडत्या कॅप्टन मार्व्हलसारखी गोरी, सोनेरी केसांची होते, आणि ते बूट, तो पोशाख तिला भयंकर टोचतो. मग ती स्वतःचा पोशाख करते, घरातल्या बुर्किनीपासून, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखापासून. पहिल्या खंडाला 2015 चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला.

तुमच्याकडे काय नाही? येऊरच्या बाजूने वस्तीत शिरणारा बिबट्या आहे, खाडीत हिवाळ्यात उतरणारे फ्लेमिंगो आहेत, पारसिकचा बोगदा आहे, पावसात तुंबणारे रस्ते आहेत. खलनायकाला मासुंदा तलावाभोवती पळवा, संध्याकाळी, भेळवाल्यांमधून.

राहता राहिली भाषणं. चौथ्या चौकटीत नायिका समानतेवर बोलायला लागली की खोडरबर घ्या. आणि "मुलींचं कॉमिक्स खपत नाही" म्हणणारा भेटला तर त्याच्याशी फार वेळ घालवू नका. 2004 चा 'कॅटवूमन' चित्रपट पडला तेव्हाही खापर बायकांवरच फुटलं होतं. 2019 मध्ये 'कॅप्टन मार्व्हल'ने अब्ज डॉलरच्या वर कमावले.

तो 'स्विमिंग असेल'वाला मुलगा दोन महिन्यांनी परत आला. गल्ली गेली होती, गुंड गेले होते. नवी नायिका चेंदणी कोळीवाड्यातली, खाडीच्या पाण्यातली रसायनं तिला वासावरून कळतात आणि कोण रात्री टँकर रिकामा करतं ते शोधायला ती निघालीय. पहिल्या पानावर ती आजीशी बोंबलाच्या भावावरून भांडतेय. बाविसाव्या पानावर कथा पोचलीय. सुटे पैसे कुठे ठेवते, हे त्याने अजून ठरवलेलं नाही.